बैल, बांगडा आणि सईचा गुडघा

सप्टेंबर लागला की कुवेतमध्ये, मंगफमधल्या आमच्या जमियाच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या दारात पिवळ्या, ओल्या खजुरांचे घड मांडतात. हवा अजून ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत असते, पण खजूर दिसले की कळतं, उन्हाळ्याचा जोर ओसरायला लागला. आणि त्याच सुमाराला आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. म्हणजे व्हायचा. मधली दोन वर्षं तो बंद होता. तो का बंद आहे हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

ह्या वर्षी तो पुन्हा लागला. शुक्रवारी दुपारी मी खजूर धूत होते आणि हॉलमधून तो आवाज आला. हजारो लोकांचा एकदम उठणारा गलका, आणि त्याखाली हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा कोरडा ठोका. माझे हात पाण्याखाली तसेच राहिले. राग येतो तेव्हा माणसं थरथरतात म्हणतात. मी अगदी स्थिर होते. नळ बंद करायचं मात्र सुचत नव्हतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना सांगते, त्याच्या नावात फुटबॉल असला तरी पायाचा संबंध फार थोडा. चेंडू नारळासारखा लांबट. तो एकाच्या हातात द्यायचा, आणि त्यानं समोरच्या अकरा आडदांड माणसांमधून वाट काढत पळत सुटायचं. पाडेपर्यंत जितकं अंतर कापलं, तितके यार्ड त्याच्या नावावर. ह्या पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. त्याचा प्रत्येक यार्ड मोजला जातो, सामन्याचा, मोसमाचा, मग सगळ्या कारकिर्दीचा. त्या एकूण आकड्यावरून सर्वांत थोर कोण, ह्याचे वाद अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. आणि एक वाद अमेरिकेपासून इतक्या लांब, मंगफच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या सोफ्यावर चालायचा.

वाद घालणारे दोघं. एक माझा नवरा प्रसाद. मीना अब्दुल्ला ह्या गावच्या रिफायनरीत पाइपलाइनच्या तपासणीवर इंजिनियर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्याचा वरिष्ठ एक अमेरिकन होता, त्यानं हे वेड लावलं. दुसरे इक्बालभाई, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापार. त्यांची बायको गावी असते. शुक्रवारचा नमाज झाला की ते थेट आमच्याकडे येत, कधी स्वतः केलेली सांदणं डब्यात घालून. मग आदल्या रात्रीचा रेकॉर्ड केलेला सामना लागायचा.

खेळाडूंची इंग्रजी नावं त्या दोघांनी बाजूला ठेवून दिली होती. प्रसादचा लाडका तो बैल. वर्षानुवर्षं टिकला, मार खाल्ला, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उभा राहिला आणि एकूण यार्डांत सगळ्यांच्या पुढं गेला. इक्बालभाईंचा लाडका तो बांगडा, कारण तो समोरच्यांच्या हातातून ओल्या बांगड्यासारखा निसटायचा. बांगड्यानं ऐन भरात, विक्रम हाताच्या अंतरावर असताना, एक दिवस खेळ सोडला आणि घरी गेला.

"बैलापुढं पाच जण भिंतीसारखे उभे असायचे, प्रसादभाऊ," इक्बालभाई म्हणायचे. "ते रस्ता करून देणार, हा धावणार. तसा रस्ता करून दिलात तर मी पण धावेन, ह्या पोटासकट."

"आणि इतकी वर्षं हाडं मोडून घेत उभं राहायचं, त्याला काही किंमत नाही?"

"आहे ना. पण माझ्या बांगड्याचा संघच मुळात फुसका. एकट्यानं धावला. एका वेळच्या धावेचा हिशेब काढा, कोण पुढं?"

"पुढं असता," प्रसाद बोट उचलायचा. "खेळला असता तर पुढं असता. रेकॉर्डमध्ये 'असता तर' असा रकाना नसतो, इक्बालभाई. थांबला, संपला."

हे वाक्य मी किती शुक्रवार ऐकलं असेल. ताटं वाढताना, इस्त्री करताना. त्या वेळी मला ते गमतीचं वाटायचं. जमिनीवर बसून सांदण खाणाऱ्या आमच्या सईलाही ते गमतीचं वाटत असावं, असा माझा समज होता. ती लहानपणापासून त्या दोघांच्या मध्ये बसून हे सगळं ऐकत मोठी झाली. कुठल्या बाजूनं बोलायची नाही. फक्त ऐकायची.

प्रसादच्या त्या वाक्याचं मूळ मला माहीत होतं. तो इस्लामपूरकडचा. कॉलेजात कबड्डीचा चढाईपटू होता, आणि चांगला होता. जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची वेळ आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी परीक्षा पुढं केली आणि ह्यानं खेळ सोडला. आज त्याच्या गावात कुणाला विचारलं तर ते म्हणतील, हो, खेळायचा की, पुढं गेला असता. हा 'असता' त्याच्या घशात अडकलेला आहे. मला ते कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

तर तीन वर्षांपूर्वीचा तो मोसम. कुवेतचा हिवाळा म्हणजे आमच्या गावाकडच्या लोकांना सांगून पटत नाही. नोव्हेंबरात एके संध्याकाळी एसी बंद केला जातो आणि घरात एकदम शांतता पसरते. इतके महिने तो आवाज कानात होता हे तेव्हा कळतं. खिडक्या उघडतात. फिंतासच्या बाजूनं समुद्राचा वारा येतो, कधी त्यात रिफायनरीचा वास मिसळलेला. मुलं बाहेर पडतात. फिंतासला किनाऱ्याजवळ एक हिरव्या कृत्रिम गवताचं मैदान आहे. त्यात काळ्या रबराचे बारीक दाणे पेरलेले असतात, ते बुटातून, मोज्यांतून घरी येतात. त्या हिवाळ्यात माझ्या वॉशिंग मशीनच्या जाळीत रोज ते दाणे सापडायचे.

त्या मैदानावर शुक्रवारी मुलामुलींची फ्लॅग फुटबॉलची लीग चालते. ह्यात पाडापाडी नसते. कमरेला कापडाच्या पट्ट्या असतात, त्या ओढल्या की धाव तिथंच संपली. सई तीन मोसम तिथं खेळली होती, रनिंग बॅक म्हणून. आणि खरं सांगते, ती धावताना मी पाहिली की माझा श्वास थांबायचा. वर्गात मान खाली घालून बसणारी ही मुलगी तिथं वेगळीच असायची. सरळ येतेय असं वाटेपर्यंत ती कमरेतून वळायची, समोरच्या मुलीचा हात हवेत फिरायचा, आणि सई तिच्यामागून पुढं गेलेली असायची. इक्बालभाई ओरडायचे, "बांगडा, बांगडा." प्रसाद ओरडायचा नाही. तो मोजायचा.

लीगमध्ये मुलींत आजवर सर्वांत जास्त यार्ड धावलेली मुलगी आदल्याच वर्षी कॅनडाला निघून गेली होती. सईचं बारावीचं वर्ष, म्हणजे शेवटचा मोसम. डिसेंबर संपेपर्यंत ती त्या आकड्याच्या जवळ आली. मग आमच्या घरात बैल आणि बांगडा मागं पडले. जेवताना, गाडीत, लिफ्टमध्ये एकच विषय, आता किती राहिले.

जानेवारीत सरावाच्या वेळी ती वळली आणि गुडघ्यातून आवाज आला. टक् असा. हे तिनंच मला सांगितलं. घरी आली तेव्हा गुडघा पपनसासारखा सुजला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फिंतासच्या एका क्लिनिकमध्ये गेली अकरा-बारा वर्षं मी गुडघे, पाठी आणि खांदे हातात घेते. मी सईला पलंगावर झोपवलं, गुडघा वाकवला, पोटरी धरून हलकेच पुढं ओढली. चांगल्या गुडघ्यात ती एका जागी येऊन थांबते, आतून कुणी दोर धरून ठेवल्यासारखी. सईची थांबली, पण उशिरा थांबली. मला तेव्हाच कळलं. एमआरआय झाला. आमच्या क्लिनिकच्या हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पुढचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. नीट जपलं, व्यायाम केले तर कदाचित ऑपरेशनशिवाय निभेल. ह्या मोसमात वळून धावणं बंद.

अर्धवट. इंग्रजीत पार्शल. ह्या एका शब्दानं माझा घात केला.

"पार्शल म्हणजे अर्धं शाबूत आहे ना?" प्रसादनं त्याच संध्याकाळी विचारलं.

"अर्धा फाटलेला दोर घेऊन तू टाकीवर चढशील?"

"मी फक्त विचारतोय, मेधा."

"मीही फक्त विचारतेय."

 सई बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसली होती. म्हणाली, "आई, जस्ट वन गेम. लास्ट वन. टेप लावून?"

मी नाही म्हटलं. तिच्याशेजारी बसून, चित्र काढून, आत काय फाटलंय आणि उरलेलं फाटलं तर काय होईल ते समजावलं. ती मान हलवत राहिली. लीगच्या कोचला मी स्वतः फोन केला. ते अमेरिकेहून इथं नोकरीला आलेले, निवृत्तीनंतरही राहिलेले, बोलायला फार गोड. "येस मॅम, ऑफ कोर्स मॅम," म्हणाले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. कोचनी नंतर प्रसादला फोन केला. मला नाही. ज्या बाईनं त्या गुडघ्याला हात लावून पाहिलं होतं, जिचं हे काम आहे, तिला सोडून गुडघ्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला. शेवटचा सामना आहे, थोडेच यार्ड राहिलेत, गुडघ्याला घट्ट ब्रेस घालू, दोनचार धावाच देऊ, सरळ रेषेत. असं बोलणं झालं. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की फेब्रुवारीतला एक शुक्रवार आहे, माझी संध्याकाळची पाळी आहे, आणि प्रसाद सईला 'नुसतं बसून बघायला' घेऊन जाणार आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. तिला जरा हवा लागेल म्हणून मीच म्हटलं, जाऊन या.

क्लिनिकमध्ये माझ्यासमोर एक कुवेती आजी होत्या. गुडघा बदललेला, वाकवायला घाबरायच्या. मी त्यांची टाच हातात घेऊन "शुवय शुवय" म्हणत होते, हळूहळू. त्यांनी पहिल्यांदा पुरा गुडघा वाकवला आणि माझ्या गालाला हात लावला. मी बाहेर येऊन फोन पाहिला. लीगच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता, त्याखाली टाळ्यांच्या आणि आगीच्या चित्रांची रांग.

व्हिडिओत माझी मुलगी धावत होती.

चेंडू तिच्या हातात आला, ती सरळ निघाली, एक मुलगी आडवी आली, आणि सई वळली. तिला वळण्यावाचून दुसरं काही येतच नाही. ती निसटली, पांढरी रेघ ओलांडली, आणि तिथंच व्हिडिओ संपला. मी तो पुन्हा लावला. पुन्हा रेघेवर संपला.

घरी पोचले तेव्हा ती सोफ्यावर होती. पायाखाली दोन उशा. शेजारी तिच्या नावाची चकचकीत ढाल. इक्बालभाई खुर्चीच्या कडेवर बसले होते, टोपी हातात घेऊन. प्रसाद उभा.

"रेकॉर्ड झालं," तो म्हणाला.

मी पर्स खाली ठेवली आणि सईसमोर गुडघ्यावर बसले. पोटरी धरली. पुढं ओढली. ती येतच राहिली. आत काहीच नव्हतं. ओल्या मातीतून काठी निघावी तसा तो पाय माझ्या हातात आला. सईनं डोळे मिटून घेतले.

"धावताना काही झालं नव्हतं," प्रसाद मागून म्हणाला. "घरी आल्यावर जरा सूज आली. जिन्यावर कुठंतरी मुरगळला असेल."

"नाय प्रसादभाऊ," इक्बालभाई म्हणाले. ते इतक्या हळू बोलले की मी वळून पाहिलं. "भाभींसमोर असा बोलू नका."

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. त्या धावेचा व्हिडिओ त्यांनीही काढला होता, आणि त्यांचा हात रेघेवर थांबला नव्हता. सई रेघ ओलांडते. दोन पावलं जाते. आमच्या दिशेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या दिशेला, हसून वळते. आणि तो पाय तिच्या खालून निघून जातो. ती बसत नाही, पडत नाही, कोसळते. तोंड उघडलेलं, आवाज ऐकू येत नाही, कारण त्या सगळ्यावर प्रसादचा आवाज आहे. "झालं. झालं रेकॉर्ड. इक्बालभाई, झालं." ती जमिनीवर गुडघा धरून लोळतेय आणि तिचा बाप अजून मोजतोय.

मग फोन हलला आणि इक्बालभाईंचा आवाज आला, "अरे पोर पडली, पोर."

मी फोन परत दिला. मी ओरडले नाही. त्या रात्री आमच्यात जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. फक्त इतकं सांगते की प्रसाद शेवटी म्हणाला, "तिलाच खेळायचं होतं." आणि त्या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा आधीच्या कशाचाच आला नव्हता. तिला खेळायचं होतं हे खरं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला खेळायचंच असतं. म्हणून तर शेजारी मोठं माणूस बसवतात.

बारावीचे पेपर तिनं दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून दिले. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा एक दोर काढून गुडघ्यात लावला. मग तो उन्हाळा. बाहेर धुळीची वादळं, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल, आणि हॉलच्या फरशीवर सतरंजी टाकून मी आणि सई. पाय सरळ, पाय वर, टाच जवळ. रोज. आजींशी मी शुवय शुवय म्हणत होते, पोटच्या मुलीशी मला तेवढं गोड बोलता येत नव्हतं. ती रडायची, मी अंश मोजायचे. तेव्हा एकदा माझ्या लक्षात आलं की आता ह्या घरात मोजणारी मी झाले आहे.

त्या दिवशी मी तिचा पाय खाली ठेवला आणि विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"आय न्यू, आई." ती छताकडे बघत म्हणाली. "तू चित्र काढलं होतंस. मला कळलं होतं."

"मग का गेलीस?"

 ह्या वेळी ती मराठीत बोलली. सई अवघड गोष्टी इंग्रजीत बोलते, त्यामुळं मला ते लक्षात राहिलं. "मी थांबले असते तर बाबा माझ्याबद्दल तसंच बोलले असते. बांगड्याबद्दल बोलतात तसं. दर शुक्रवारी. धावली असती, झालं असतं, असती तर."

स्वयंपाकघराच्या दारात प्रसाद उभा होता, हातात बर्फाची पिशवी. ती त्यानं मला दिली आणि तो आत गेला. त्या सप्टेंबरात टीव्ही लागला नाही. इक्बालभाई जिन्यात भेटले की सलाम करायचे आणि पुढं जायचे. प्रसादनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. खरं दाखवलं एवढाच त्यांचा गुन्हा.

सई पुण्याला शिकते. चालते, जिने चढते, सायकल चालवते. खाली मांडी घालून बसताना आधी हात टेकते. धावत नाही. तिचा तो विक्रम पुढच्याच मोसमात मोडला. एका लेबनीज मुलीनं मोडला. सईनं तिला ग्रुपवर अभिनंदन पाठवलं आणि मला फोनवर सांगितलं, "शी इज गुड, आई. रिअली गुड." मी फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर रस्त्यापलीकडं रिफायनरीची ज्योत जळत होती. एक मोसम. माझ्या मुलीचा गुडघा एका मोसमापुरता खर्च झाला.

इथं, ह्या देशात आपण सगळेच टिकण्याचं कौतुक करतो. कुणी भेटलं की पहिला प्रश्न, किती वर्षं झाली? आणि उत्तर, अठरा काढली, बावीस काढली. काढली म्हणतो आपण, जगली म्हणत नाही. माझ्या क्लिनिकमध्ये ही काढलेली वर्षं येतात, मणक्यांच्या फटीत, खांद्याच्या वाटीत. त्या माणसांना बरं व्हायचं नसतं, फिट असा शिक्का हवा असतो, म्हणजे उद्या कामावर जाता येईल. प्रसादही कमरेला पट्टा बांधून साइटवर जातो. त्याला मी कधी थांब म्हटलं तर म्हणतो, अजून थोडी वर्षं. बैलावर त्याचं इतकं प्रेम का होतं हे मला सांगायची गरज नव्हती. पण त्या दोघांच्या इतक्या वर्षांच्या वादात एकदाही कुणी विचारलं नाही की बैल आता खुर्चीवरून कसा उठतो. बांगडा आपल्या नातवंडांना उचलून घेतो का. मी ते सामने बघत नसे, पण पाडलेल्या माणसाचा पाय कुठल्या कोनात गेला ते मला स्वयंपाकघरातून येताजाताही दिसायचं. मी म्हणायचे, "ह्याचा गुडघा गेला." ते म्हणायचे, "थांब, यार्ड मोजू देत."

तर ह्या सप्टेंबरात टीव्ही पुन्हा लागला. मी ओल्या हातांनी हॉलमध्ये आले. इक्बालभाई आले होते, दोन वर्षांनी. प्रसादनंच खाली जाऊन बोलावलं होतं म्हणे. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते, पाहुण्यांसारखे. मला बघून इक्बालभाई उठले.

"बसा, इक्बालभाई."

पडद्यावर कुणीतरी धावत होता. प्रसाद माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी इक्बालभाईंना तेच सांगत होतो. बांगड्यानं बरोबर केलं. वेळेवर थांबला. थोर तोच म्हणायचा."

त्याला वाटलं असेल मला बरं वाटेल. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, हेही मला दिसत होतं. त्याचे कान लाल झाले होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही अक्कल माझ्या मुलीच्या गुडघ्यावर पाय देऊन वर आली होती. आणि आली तीही कुठं, तर पुन्हा त्याच सोफ्यावर, पुन्हा कोण थोर ह्याच वादात.

"प्रसाद," मी म्हटलं, "हे बांगड्याला सांगून काय उपयोग? सईला सांगितलंस का कधी?"

 इक्बालभाईंनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. पडद्यावर माणसं मुकाट एकमेकांवर आदळत राहिली. थोड्या वेळानं प्रसाद उठला, फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तो सईशी काय बोलला मला माहीत नाही. मी विचारलं नाही, सईनं सांगितलं नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं तोंड धुतलेलं होतं. हे मी त्याच्या बाजूनं लिहिते, कारण ते घडलं. माझा राग त्यानं संपला असं मात्र कुणी समजू नये.

नोव्हेंबर आला, एसी बंद झाला, फिंतासचं मैदान सुरू झालं. आणि परवा आमच्या महाराष्ट्र मंडळातली प्राजक्ता आपल्या मुलीला घेऊन क्लिनिकमध्ये आली. अन्वी, अकरावीतली, उंच, वेणी घट्ट बांधलेली. सराव करताना पाय वळला, टक् असा आवाज आला. प्राजक्ता खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाली, "मेधाताई, फक्त टेप लावून द्या. शुक्रवारी सामना आहे. तिचे ह्या वर्षी सगळ्यांत जास्त यार्ड आहेत."

मी अन्वीला झोपवलं. पोटरी धरली, पुढं ओढली. ती थांबली, पण उशिरा थांबली. तो उशीर माझ्या बोटांना ओळखीचा होता.

"टेप लावणार नाही," मी म्हटलं.

"अहो, पण कोच म्हणाले की..."

"कोचचा नंबर माझ्याकडं आहे. तुझ्यासमोर आत्ता लावते."

मी लावला, स्पीकरवर. तेच कोच, तोच गोड आवाज. "येस मॅम, ऑफ कोर्स." ह्या वेळी मी तिथं थांबले नाही. मी त्यांना सांगितलं की ह्या मुलीच्या वडिलांना तुमचा फोन गेला तर मी शुक्रवारी मैदानावर येऊन सगळ्या आईबापांसमोर सईचा व्हिडिओ लावीन. रेघेवर संपणारा नाही, दुसरा.  पलीकडून फोन बंद झाला. प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. माझं इंग्रजी रागात किती मोडतं हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

अन्वी पलंगावरून उतरली. डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुगलेल्या. "यू डोन्ट अंडरस्टँड," ती मला म्हणाली. "तुम्हाला काही माहीत नाही. यू जस्ट वाँट टु रुइन इट फॉर एव्हरीवन." आणि आईची वाट न बघता ती दार ढकलून बाहेर पडली.

"अन्वी," प्राजक्ता ओशाळून उठली. "सॉरी हं ताई, ती अशी कधी..."

"असू दे," मी म्हटलं. "जाऊ दे तिला."

कॉरिडॉर लांब आहे आमचा. मी दारात उभी राहून बघत होते. ती संतापानं ताडताड चालत निघाली होती, पाठ ताठ, मुठी वळलेल्या. सूज होती, त्यामुळं उजवा पाय किंचित जपून पडत होता. पण टाच टेकत होती, गुडघा वाकत होता, सरळ होत होता, तिचं सगळं वजन पेलत होता. टोकाला जिना आहे. ती लिफ्टसाठी थांबली नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी, माझ्यावर दात खात ती खाली उतरून गेली. शेवटच्या पायरीचा आवाज येईपर्यंत मी ऐकत राहिले.